वहीत न दिसणारा तोटा: दुकानातील माणसांच्या पगाराविषयी खानदेशातील व्यापाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
खानदेशातील कापड, रेडिमेड, किराणा, भांडी, पादत्राणे अशा सर्व किरकोळ व्यवसायांतील व्यापारी बंधू-भगिनी आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

आपल्या मागच्या बैठकीत हातगाड्यांचे अतिक्रमण, घरपट्टी आणि ऑनलाइन खरेदी हे नेहमीचे विषय अर्ध्या तासात आटोपले आणि पुढचा पाऊण तास ‘माणसे मिळत नाहीत’ या एकाच तक्रारीत गेला. तक्रार खोटी नाही. बारावी झालेला मुलगा चार महिने आपल्याकडे साडीची घडी घालायला शिकतो आणि पाचव्या महिन्यात सुरतेच्या गाडीत बसून उधन्याला निघून जातो, हे मीही अनुभवले आहे. परंतु त्या तक्रारीवर जो उपाय सुचवला गेला आणि ज्याला बहुतेकांनी माना डोलावल्या, तो मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. एका दुकानातून सुटलेल्या माणसाला गावातल्या दुसऱ्या कोणी ठेवायचे नाही, आणि ठेवलाच तर जुन्या पगारापेक्षा जास्त द्यायचे नाही, असे ते ठरले. इतिवृत्तात ही गोष्ट आलेली नाही आणि येणारही नाही. मी त्या वेळी गप्प बसलो. बैठकीत जे बोलायला हवे होते ते आता लिहीत आहे, आणि त्यातला बराचसा भाग माझ्याच चुकांचा आहे.

माझे दुकान अमळनेरात, साड्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे. वडिलांनी सुरू केले तेव्हा पांढरी गादी, लाकडी पेटीतला गल्ला आणि दोन माणसे होती. आज काउंटर, काचेची कपाटे आणि सहा माणसे आहेत. वडिलांच्या त्या दोन माणसांपैकी एक माझ्या वेळेपर्यंत दुकानात होता. आम्ही सगळे त्याला आप्पा म्हणत असू. त्याचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण तालुक्यातल्या कोणत्या गावात कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, मागच्या वेळी त्या घराने मानपानाच्या साड्या किती आणि कोणत्या दरातल्या नेल्या होत्या, घरात शेवटचा शब्द आजीचा असतो की थोरल्या सुनेचा, हे त्याला तोंडपाठ असे. लग्नाचा बस्ता घ्यायला दहा-बारा जण एकदम पायऱ्या चढून आले की तो आधी कपाटाकडे जात नसे. आजी म्हणायची, “भाऊ, माले हिरवी साडी दखाड.” तो म्हणायचा, “बस माय, आधी पानी पे.” पाणी पिऊन होईपर्यंत त्याने घराचा अंदाज घेतलेला असे आणि नंतर उघडलेल्या पाच साड्यांतल्या तीन बाजूला निघत.

२०१६ साली, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आणि सखाराम महाराजांच्या यात्रेचा हंगाम उरकल्यावर, आप्पाने महिन्याला दीड हजार रुपये वाढवून मागितले. तेव्हा त्याला नऊ हजार मिळत होते. मी म्हणालो, “दिवाळीनंतर बघू.” त्याने वाद घातला नाही, पुन्हा विषयही काढला नाही. श्रावण लागण्याआधी तो शेजारच्या तालुक्यातल्या एका दुकानात कामाला लागला. मी मनाशी म्हटले की वर्षाचे अठरा हजार वाचले, आणि त्याच्या जागी सहा हजारांत एक चुणचुणीत मुलगा ठेवला. म्हणजे हिशेबाने मी अठरा नव्हे, चोपन्न हजार वाचवले होते.

पुढच्या लग्नसराईत तालुक्यातल्या मारवड गावाकडचे एक जुने घर बस्ता घ्यायला आले. मी गल्ल्यावर होतो. नव्या मुलाने पहिलाच प्रश्न केला, “बजेट काय आहे?” घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. मुलाने मन लावून चाळीस साड्या उघडल्या, काउंटरवर ढीग झाला, पण मानपानाच्या साड्या कोणत्या आणि नवरीच्या कोणत्या हे त्याच्याही ध्यानात येईना आणि त्यांच्याही. शेवटी ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हणून ती मंडळी उठली. चक्कर मारून येतो याचा अर्थ आपल्या धंद्यात काय होतो ते मी आपणांस सांगायला नको. आठ दिवसांनी त्याच घरातला एक जण बसस्थानकावर भेटला, तेव्हा त्याच्या हातात आप्पाच्या नव्या दुकानाची पिशवी होती.

तो बस्ता लाखाच्या वर गेला असता. कापडात वीस टक्के नफा सुटतो असे धरले तरी एका घरामागे वीस हजार गेले, आणि अशी घरे त्या वर्षी किती उठून गेली याची माझ्याकडे मोजदाद नाही. ती असणारही नाही, कारण दिलेला पगार दर महिन्याला वहीत लिहिला जातो आणि न झालेली विक्री कोणत्याच पानावर येत नाही. आपण सगळे हिशेबी माणसे आहोत, परंतु ज्याची नोंद होते त्याचाच हिशेब करण्याची आपली सवय आहे. चुकीच्या घडीमुळे जरीवर पडलेली रेघ, दुसऱ्याच साडीत गुंडाळून गेलेला ब्लाउज पीस, कपाटाच्या वरच्या कप्प्यात कोणालाच न आठवल्यामुळे तीन दिवाळ्या पडून राहिलेला माल, नव्या मुलाने जुना दर सांगितल्यामुळे सोडावे लागलेले दोनशे रुपये, या साऱ्याला वहीत ‘पगार’ म्हणत नाहीत. मी मात्र आता त्याला स्वस्त पगाराचाच भाग धरतो.

आता आकड्यांकडे वळतो, कारण भावनेच्या जोरावर पगार वाढवा असे मी कोणालाही सांगणार नाही. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री दहा लाख रुपये आहे आणि तिथे बारा हजार रुपये पगाराची सहा माणसे आहेत. पगाराचा खर्च बहात्तर हजार होतो. प्रत्येकाला तीन हजार वाढवून दिले तर अठरा हजारांचा बोजा वाढतो, म्हणजे विक्रीच्या १.८ टक्के. वीस टक्के नफ्याच्या धंद्यात हे अठरा हजार भरून काढायला नव्वद हजारांची जास्त विक्री लागते. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दिवसाला सुमारे साडेतीन हजार, आणि सहा माणसांत वाटले तर माणशी दिवसाला पावणेसहाशेच्या आसपास. आमच्याकडे ही एका साध्या रोजच्या वापराच्या साडीची किंमत आहे. जो माणूस दिवसभरात पंधरा गिऱ्हाइकांशी बोलतो, त्याच्या हातून एक साडी जास्त जाईल की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे. किराण्यात नफा फार कमी असल्यामुळे हाच हिशेब तिथे कठीण जातो हे मला मान्य आहे. तिथे फायदा जास्त विक्रीतून येण्यापेक्षा कमी नासाडी, कमी घट आणि बिलातल्या कमी चुका यांतून यावा लागेल.

हा विचार माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेतील कॉस्टको ही मोठी दुकानमालिका १९८३ मध्ये सुरू झाली. ब्रँडेड मालावर चौदा टक्क्यांपेक्षा जास्त नफा चढवायचा नाही असा तिचा दंडक आहे, आणि तिथला हॉटडॉग व थंड पेय १९८५ पासून दीड डॉलरलाच मिळते. आपल्याकडे वडापावचा भाव तेवढा वेळ टिकवून दाखवावा! इतक्या कमी नफ्यात धंदा करणारी ही कंपनी पगार मात्र त्या क्षेत्रात खूप चांगला देते. २००६ मध्ये तेथील एका प्राध्यापकांनी तिची तुलना तिच्या थेट स्पर्धक सॅम्स क्लबशी केली, तेव्हा वर्षाला नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण कॉस्टकोत १७ टक्के आणि सॅम्स क्लबमध्ये ४४ टक्के निघाले. शंभरातल्या चव्वेचाळीस जागा दर वर्षी नव्याने भरायच्या आणि नव्याने शिकवायच्या म्हणजे काय, हे दर आखाजीला नवे चेहरे उभे करणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

उलट बाजूचे उदाहरण मला जास्त बोलके वाटते. सर्किट सिटी ही अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची जुनी मालिका. मार्च २००७ मध्ये तिने दुकानांतले सुमारे ३,४०० कर्मचारी एका फटक्यात कमी केले. त्यांचा दोष एवढाच होता की त्यांना बाजारभावापेक्षा जास्त पगार मिळत होता, म्हणजे बहुतेक ते जुने आणि जाणते होते. त्यांच्या जागी कमी पगाराची माणसे घ्यायची असा बेत होता. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि मार्च २००९ मध्ये तिचे शेवटचे दुकान बंद झाले. त्या बुडण्याला मंदीसह इतरही कारणे होती, सगळे खापर एका निर्णयावर फोडणे योग्य होणार नाही. तरीही टीव्ही घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दोन टीव्हींतला फरक सांगणारा माणूसच दुकानात उरला नाही तर तो तिथे कशासाठी जाईल, हा प्रश्न राहतोच. आप्पाला मी जाऊ दिले तेव्हा मी माझ्या आठ बाय वीसच्या दुकानात तेच केले होते.

यात लगेच नफा दिसतो असेही नाही. वॉलमार्टने २०१५ मध्ये सुमारे पाच लाख कर्मचाऱ्यांचा किमान दर आधी तासाला नऊ डॉलर आणि पुढच्या वर्षी दहा डॉलर करण्याचे जाहीर केले. त्याच ऑक्टोबरमध्ये या खर्चामुळे नफा घटेल असे कंपनीने सांगताच तिचा शेअर एका दिवसात सुमारे दहा टक्क्यांनी कोसळला. दुकानांच्या स्वच्छतेविषयी आणि वागणुकीविषयी ग्राहक जे गुण देतात ते नंतर सुधारले आणि विक्रीही वाढत राहिली, पण मधला काळ सोसावा लागला. आपल्याकडे शेअर बाजार नसतो, घरचे असतात. मी २०१८ च्या पाडव्याला सर्वांचा पगार वाढवला, तेव्हा सहा महिने माझ्या धाकट्या भावाचे तोंड वाकडे होते आणि त्याचे काही चुकत नव्हते.

कारण त्या सहा महिन्यांत काहीच बदलले नाही. तीच माणसे, तेच काम, तीच विक्री. वाढला होता तो फक्त पगार. माझी समजूत अशी होती की पैसे जास्त मिळाले की माणूस आपोआप जास्त झटेल. ती भाबडी होती. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातील प्राध्यापक झेनेप टोन यांनी किरकोळ दुकानांचा बरीच वर्षे अभ्यास केला आहे आणि त्यांच्या मांडणीचा गाभा मला फार उशिरा कळला: पगार वाढवणे हे अर्धेच काम आहे, त्या माणसाचे काम असे आखावे लागते की जास्त पगाराची किंमत त्याच्या हातून वसूल होईल. त्यांनी त्यासाठी सांगितलेल्या गोष्टी आपल्या पेठेला अगदी सरळ लागू पडतात. मालाचे प्रकार कमी ठेवावेत, नेहमीच्या कामाची पद्धत ठरवून द्यावी, पण गिऱ्हाइकाशी बोलताना माणसाला स्वतःचे डोके चालवू द्यावे, प्रत्येकाला दोन-तीन कामे यावीत आणि माणसे गरजेपेक्षा किंचित जास्तच ठेवावीत. शेवटची गोष्ट वाचून आपण हसाल. मीही हसलो होतो.

आमच्या दुकानात त्या वेळी एकाच पट्टीतल्या सिंथेटिक साड्यांचे इतके प्रकार होते की कोणता कोणत्या कप्प्यात आहे ते मलाही सांगता येत नसे. सुरतेहून दलालामार्फत जे येईल ते घ्यायचे, कारण गल्ला सोडून खरेदीला जायची माझी हिंमत नव्हती. गल्ला सोडायची हिंमत नव्हती, कारण माणसांवर विश्वास नव्हता. विश्वास नव्हता, कारण माणसे दर सहा महिन्यांनी बदलत होती. ही साखळी कुठून तरी तोडावी लागणार होती. आम्ही जुना माल कट-पीसच्या भावाने काढून टाकला, प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणले, आणि पुढे काय मागवायचे याची यादी काउंटरवरच्या माणसांनी करायची असे ठरवले. गिऱ्हाईक काय मागून परत गेले ते त्यांना ठाऊक असते, मला नसते. आज मी पहाटेच्या गाडीने सुरतेला जातो, रिंग रोडवरच्या बाजारात स्वतः माल पाहतो आणि गल्ल्याची किल्ली दुकानातच ठेवून जातो. दलालीचे वाचलेले पैसे आणि नव्या मालाची निवड यांतूनच वाढीव पगाराचा मोठा भाग निघाला. म्हणजे नफा आला, पण मी ज्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो त्या दाराने आलाच नाही.

दुसरा बदल वरवर क्षुल्लक आहे. आपल्याकडे घासाघीस झाल्याशिवाय साडी बांधली जात नाही. पूर्वी गिऱ्हाइकाने “काही कमी करा” म्हटले की आमचा माणूस माझ्याकडे पाहायचा, गिऱ्हाईकही माझ्याकडे पाहायचे, आणि त्या क्षणापासून त्या माणसाच्या शब्दाला किंमत उरत नसे. मी हजारामागे साठ रुपयांपर्यंत सोडण्याचा अधिकार काउंटरवर दिला आणि त्याचा जाब महिन्यातून एकदाच विचारायचा असे ठरवले. पहिल्या महिन्यात माझ्या पोटात गोळा होता. झाले असे की मी स्वतः जेवढे सोडत होतो त्यापेक्षा त्यांनी कमी सोडले. ज्याला अधिकार नसतो तो मालकाच्या पैशाने उदार होतो. अधिकार हातात आला की तोच माणूस गिऱ्हाइकाला पदराची वीण दाखवून वीस रुपयांवर राजी करतो.

आता बसण्याविषयी. आपल्या आजोबांच्या दुकानात गादी होती; शेठही बसत, माणूसही बसे आणि गिऱ्हाईकही. गादी गेली, काउंटर आला, आणि बसणे म्हणजे कामचुकारपणा असे कधी ठरून गेले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभे राहिलेल्या मुलीकडून संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला हसतमुख बोलण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? केरळमध्ये कोझिकोडच्या बाजारातील कापड दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात दुकानातील कर्मचाऱ्यांना बसायला जागा देणे बंधनकारक झाले. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली. आपल्याला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, पाच-सहा उंच स्टुलांना खर्च तो किती येतो! आमच्याकडे दोन मुली खेड्यांतून येतात; त्यांची शेवटची एसटी चुकू नये म्हणून त्या साडेसातला निघतात आणि बदल्यात सकाळी लवकर येऊन माल लावतात. त्यासाठी मला एक माणूस जास्त ठेवावा लागला. मंगळवारी मंगळग्रह मंदिराला आलेली बाहेरगावची गर्दी पेठेत शिरते, तेव्हा तोच ‘जास्तीचा’ माणूस माझी इभ्रत राखतो, कारण अशा वेळी ज्याच्याशी दोन मिनिटे कोणी बोलले नाही ते गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलेले असते.

बोलीचे मोलही आपण पगारात धरत नाही. नंदुरबार, शहादा, शिरपूर, चोपडा इथले व्यापारी हे माझ्यापेक्षा जास्त जाणतात. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजाराच्या दिवसांत सातपुड्यातली पावरा कुटुंबे खरेदीला उतरतात, तेव्हा त्यांच्या बोलीत दोन वाक्ये बोलणारा माणूस ज्या दुकानात असतो तिथे ती मंडळी बसतात. रावेर-यावलकडे लेवा बोलीचे, आमच्याकडे अहिराणीचे तेच. महानगरांतून येणाऱ्या झगमगीत दुकानांकडे वातानुकूलन असते, संगणक असतो, जाहिरातींचे पैसे असतात. आपल्याकडे फक्त ही माणसे आहेत, आणि नेमकी तीच आपण बाजारातल्या सर्वांत कमी दरात विकत घेऊ पाहतो. याला मी तरी धंद्याचे शहाणपण म्हणणार नाही.

एका अडचणीच्या विषयाला हात घालतो, कोणाला राग आला तरी. तो म्हणजे उचल. बहिणीचे लग्न, आईचे ऑपरेशन, घराचा पत्रा, अशा वेळी माणूस आपल्याकडून तीस-चाळीस हजार उचलतो, दर महिन्याला थोडे थोडे कापले जातात, आणि फिटत आले की पुन्हा नवी उचल होते. अडीअडचणीला धावून जाणे हा आपल्या पेठेचा चांगुलपणा आहे, तो सोडा असे मी म्हणत नाही. मात्र आपल्यापैकी अनेकांनी त्याचे गळ्यातले दावे करून ठेवले आहे: उचल आहे तोवर पोरगा कुठे जातो? जात नाही हे खरे. तो येतो, हजेरी लावतो, मालकाची पाठ वळली की फोन काढतो, आणि गिऱ्हाइकाला “तो रंग संपला” असे कपाट न उघडताच सांगतो. ज्याला पुरेसा पगार मिळतो त्याला एवढ्या वेळा उचल लागत नाही. माझ्या उचलीच्या वहीची पाने २०१८ नंतर हळूहळू कोरी राहू लागली, हा मला न मागता मिळालेला पुरावा आहे.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की पेठ कापसाच्या आणि केळीच्या भावावर चालते. भाव पडला की चार महिने माशा माराव्या लागतात, मग वाढीव पगार द्यायचा कुठून? प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे संपूर्ण उत्तर नाही. आम्ही केले ते असे: पक्का पगार घर चालेल इतका ठेवला आणि त्यावर आखाजी, दिवाळी व लग्नसराई या तीन हंगामांच्या नफ्यातला ठरलेला हिस्सा सर्वांत सारखा वाटला. एकेका विक्रीवर कमिशन मुद्दाम ठेवले नाही, कारण त्याने माणसे एकमेकांची गिऱ्हाइके ओढू लागतात आणि साध्या अस्तराच्या कापडासाठी आलेल्या बाईंकडे कोणी बघत नाही. वाढीत हिस्सा असला की माणूस कसा टिकतो हे अमळनेरकरांना परक्याने शिकवायला नको. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला त्याची पुढे विप्रो झाली, आणि तिचे शेअर जपून ठेवलेली किती तरी साधी घरे आजही गावात आहेत. २०२० ची आखाजी टाळेबंदीत बुडाली तेव्हा आमच्या हिश्शाच्या खात्यात शून्य होते आणि मी पगारही निम्माच देऊ शकलो. दुकान उघडले त्या दिवशी सहाच्या सहा माणसे दारात होती. त्यांनीच आपापल्या ओळखीच्या घरांना फोन लावून, ज्यांची लग्ने पुढे ढकलली गेली होती त्यांचे बस्ते पुन्हा जुळवले.

पगार वाढला की तोच पैसा आपल्याच पेठेत खर्च होतो, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो देशाच्या पातळीवर खरा असेल. माझ्या सहा माणसांच्या खरेदीवर अमळनेरची बाजारपेठ चालत नाही, म्हणून मी तो पुढे करत नाही. कायद्याचेही तसेच. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, एक पूर्ण सुटी, जास्त वेळेला दुप्पट दर, हे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मोठ्या दुकानांना सांगितले आहे आणि ते पाळण्याला मी चांगला पगार म्हणत नाही. ते न पाळणाऱ्याने या चर्चेत आधी तेवढे करावे.

तेव्हा माझी विनंती अशी की तो तोंडी ठराव तोंडीच मागे घ्यावा. माणूस जास्त पगारावर शेजारी गेला तर त्यात शेजाऱ्याचा दोष नसतो, हे मी आप्पाच्या बाबतीत फार महागात शिकलो. संघटनेला काही ठरवायचेच असेल तर पगार सात तारखेच्या आत, दर आठवड्याला ठरलेली सुटी, बसायला जागा आणि मुलींना शेवटच्या गाडीआधी सुटी, एवढे सर्वांनी मिळून ठरवावे, म्हणजे जो एकटा हे करतो त्याला आपले दुकान आधी बंद करावे लागल्याचा तोटा होणार नाही. पगाराचा आकडा मात्र ज्याने त्याने ठरवावा आणि त्यात खुशाल चढाओढ करावी, जशी आपण भावात करतो. सेल्समनचे प्रशिक्षण हा विषयही घेता येईल, पण ज्याला सहा महिन्यांत जायचे आहे त्याला शिकवून काय साधणार, म्हणून तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

दिवाळीपूर्वीच्या बैठकीत हा विषय घ्यावा. मी माझी पगाराची आणि उचलीची अशा दोन्ही वह्या घेऊन येईन. ज्यांना आकडे पडताळून पाहायचे असतील त्यांनी ते जरूर पाहावेत आणि जिथे माझा हिशेब चुकत असेल तिथे मला अडवावे. फक्त बैठक मंगळवारी ठेवू नये, त्या दिवशी दुकानात गर्दी असते.

आपला,
एक कापड दुकानदार
अमळनेर, जि. जळगाव